दुष्काळाच्या वाटेने माघारी

सन 1896 च्या पावसाने ऑगस्ट सरता सरता जी पाठ फिरवली ती फिरवलीच. मध्यप्रांतातील खरीप शेतातल्या शेतात करपले, रब्बीच्या पेरणीपुरतीही ओल जमिनीत उरली नाही, आणि दिवाळीच्या सुमारास तिकडून पुण्यास येणाऱ्या पत्रांत व वर्तमानपत्रांत धान्याचे चढते भाव, ओस पडलेली खेडी आणि सडकेच्या कडेला पडून राहिलेली माणसे ह्यांखेरीज दुसरा मजकूर दिसेना. त्याच वेळी मुंबईस मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत गाठीच्या तापाने माणसे पटापट मरू लागली होती. सरकारच्या दप्तरी दुष्काळाचे कायदेकानू तयारच होते. मागच्या महादुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनने घालून दिलेल्या धोरणाबरहुकूम खडी फोडण्याची कामे निघाली, ज्यांच्या हातून काम होण्यासारखे नव्हते त्यांच्यासाठी गरीबखाने उघडले गेले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळपीडितांची संख्यापत्रके वर रवाना होऊ लागली. पुण्यात शारदासदन नावाची विधवांची शाळा चालविणाऱ्या एका अडतीस वर्षांच्या बाईंच्या वाचनात ही वर्तमाने आली तेव्हा त्यांची अवस्था अशी होती, की त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली असती तरी त्यांना कोणी बोल लावला नसता.

ह्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या पदरी शाळा होती, शाळेला लागणारा पैसा अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका मंडळीकडून दहा वर्षांच्या कराराने येत असे, आणि तो उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठीच खर्चावयाचा असल्यामुळे दूरच्या मुलखातील उपाशी पोरींसाठी त्यातली एक पैही उचलण्याची मुभा त्यांस नव्हती. पुण्यातील वजनदार लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवून तीन वर्षे लोटली होती. तरीही त्या गेल्या. त्या का गेल्या, आणि जाण्याचे बळ त्यांनी कोठून आणले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्राने रमाबाईंविषयी जो विचार केला तो बहुतांशी 29 सप्टेंबर 1883 ह्या एका तारखेभोवती घुटमळत राहिला. त्या दिवशी इंग्लंडातील वाँटेज गावी त्यांनी आपल्या अडीच वर्षांच्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला, आणि तेथपासून त्यांच्या स्वजनांनी त्यांच्या बुद्धीचा, हेतूचा व प्रामाणिकपणाचा जो पंचनामा सुरू केला तो त्यांच्या हयातीत संपला नाही. ख्रिस्ती चरित्रकारांनीही ह्याच तारखेचा उत्सव केला. मला स्वतःला असे वाटते की त्यांच्या श्रद्धेचे खरे स्वरूप पाहावयाचे तर वाँटेजच्या देवळात न थांबता तेरा वर्षे पुढे यावे, आणि मग एकदम वीस वर्षे मागे जावे. कारण 1896 साली ज्या दुष्काळाची वार्ता त्यांनी वाचली त्याच्यासारख्याच एका दुष्काळात त्यांनी आपले सगळे घर गमावले होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, आणि आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याच्या अट्टाहासापायी लोकांचा रोष पत्करलेले गृहस्थ. सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे त्यांनी जे बिऱ्हाड थाटले होते तेथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पण पुढे द्रव्य सरले, आणि शास्त्रीबोवा बायकामुलांसह तीर्थयात्रेला जे निघाले ते पुन्हा घर असे त्यांना लाभलेच नाही. देवळात बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी पुढे ठेवलेले धान्य व पैसा घ्यावा, त्यातला दानधर्म करून उरेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. मग दुष्काळ पडला. लोकांजवळच खावयाला नाहीसे झाले तेव्हा पुराणिकाच्या पोथीपुढे कोण काय ठेवणार? दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. मजुरी करावी तर ती करण्याचे शिक्षण नाही, आणि भीक मागावी तर कुळाचा अभिमान आड येतो, अशा कोंडीत सापडलेले ते कुटुंब अखेर तिरुपतीनजीकच्या जंगलात शिरले आणि अकरा दिवस झाडपाल्यावर राहिले. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. सर्वांचे निरोप घेताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन, तू मला सर्वांत लाडकी, तुला मी ईश्वराच्या हवाली केले आहे, तू त्याचीच सेवा कर, अशा आशयाचे सांगणे केले. मुलगा श्रीनिवास आडवा आला, मी कुळाचा अभिमान सोडून मिळेल ते काम करीन असे म्हणाला, म्हणून तो प्रसंग टळला. परंतु थोड्याच दिवसांत वडील वारले. हे 1874 साल. दीड-दोन महिन्यांत आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही.

आईच्या अंत्ययात्रेची जी हकीकत रमाबाईंनी लिहून ठेवली आहे ती वाचताना अंगावर काटा उभा राहतो. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. अनोळखी गावात ह्या ब्राह्मण बाईच्या तिरडीला खांदा द्यावयास कोणी पुढे येईना. मोठ्या मिनतवारीने दोघे आले, तिसरा खांदा श्रीनिवासाचा, आणि चौथा सोळा वर्षांच्या रमेचा. तिची उंची इतरांच्या मानाने कमी पडली, म्हणून तिने आपल्या बाजूचे टोक डोक्यावर घेतले आणि तसेच ते अंतर चालून गेली. त्यानंतरची कित्येक वर्षे ही भावंडे दक्षिणेपासून पंजाबापर्यंत अनवाणी हिंडली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खावे, रानबोरे मिळाली तर आठळीही टाकू नये, आणि झेलम नदीकाठच्या थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत त्यांत निजावे, असे ते दिवस होते. व्रते, उपासतापास, जपजाप्य ह्यांची शास्त्रोक्त फळे ठरल्याप्रमाणे मिळत नाहीत हे त्यांना ह्याच काळात दिसून आले. श्रद्धा तुटली, आणि तिच्या जागी काही आले नाही.

नंतरचा इतिहास बहुश्रुत आहे, म्हणून त्यावरून झपाट्याने पुढे जाऊ. 1878 साली कलकत्त्यास पंडितांच्या सभेने ह्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह केला. मनोरमा ही कन्या झाली. आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने पतीही गेले. सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत रमाबाईंच्या हाती लागली होती. ती त्यांनी वाचली एवढेच. तिच्यावरून त्या एकाएकी ख्रिस्ती झाल्या असे मुळीच नाही. विधवा होऊन पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांना वैद्यकी शिकवा अशी साक्ष दिली, आणि वैद्यक शिकण्याच्याच उद्देशाने 1883 साली विलायतेस गेल्या. बहिरेपणामुळे तो उद्देश सिद्धीस गेला नाही.

विलायतेत त्यांचे मन कशाने वळले हे मात्र थोडे सावकाश पाहिले पाहिजे. वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या त्यांचे एक सेवागृह लंडनजवळ फुलम येथे असे, आणि तेथे ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रियांना आश्रय देऊन पुन्हा माणसांत आणण्याचे काम चाले. रमाबाईंनी धर्मशास्त्रे वाचली होती. अशा बाईला काय शासन द्यावे ह्याचे नियम त्यांना मुखोद्गत होते, पण तिला जवळ करून तिची शुश्रूषा करावी असे कोठेही सांगितलेले त्यांच्या पाहण्यात आले नव्हते. ह्या दयेचे मूळ कोठे, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. तर्काचे जे काय समाधान व्हावयाचे ते पुढे नीलकंठशास्त्री गोरे ह्यांच्या लेखनाने झाले. हे गोरे स्वतः काशीचे पंडित, आणि 1848 साली ख्रिस्ती झालेले. परंतु प्रथम जो धक्का बसला तो युक्तिवादाचा नव्हता, एका सेवागृहाचा होता. ह्याच सुमारास त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी मनाचा तोल जाऊन विष घेतले व प्राण सोडला. परदेशात, परक्या भाषेत, पदरी लहान मूल असलेल्या रमाबाईंवर ह्या आघाताचा काय परिणाम झाला असेल ह्याची कल्पनाच करावी.

बाप्तिस्मा घेतला म्हणून पंडिता चर्चच्या मुठीत गेल्या, असे जे मानतात त्यांनी वाँटेजच्या भगिनी जेरल्डिन ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहावा. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही तोवर मी तो उच्चारणार नाही. मी आमरण शाकाहारी राहणार. माझ्या मुलीला काय शिकवावे हे मी ठरवीन. आणि चेल्टनहॅम येथे तरुण पुरुषांना मी संस्कृत शिकवू नये असे म्हणणारे बिशप कोण, असा एकूण त्या पत्रांचा सूर आहे. ज्या बाईने काशी-कलकत्त्याच्या शास्त्र्यांपुढे मान तुकवली नाही ती कँटरबरीच्या आचार्यांपुढे तुकवील ही अपेक्षाच खुळी होती.

1886 साली त्या अमेरिकेस गेल्या ते डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने. तेथे तीन वर्षे व्याख्याने देऊन आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह करून ज्या आनंदीबाई कर्वे झाल्या, त्याच ह्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाही, हिंदू मुलींच्या आचारविचारांत हात घालावयाचा नाही, अशी अट होती, आणि रमाबाईंनी ती अक्षरशः पाळली. पण स्वतः त्या ज्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत तिचे दार त्यांनी लावून घेतले नाही, आणि मुली येऊन बसल्या तर त्यांस उठविले नाही. एवढे पुरेसे झाले. ‘केसरी’ने झोड उठविली, वाद विकोपास गेला, आणि 1893 साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांनी वीस-पंचवीस मुली घरी नेल्या.

ह्या प्रकरणी दोषाचे माप कोणाच्या पदरात किती घालावे ह्याचा निवाडा अद्याप चालू आहे. माझे मत विचाराल तर, आपल्या मुली आपल्या धर्मात राहाव्यात ही पालकांची काळजी खोटी नव्हती. मात्र त्या मुलींना विधवा म्हणून जे भोगावे लागत होते त्याची काळजी त्याच पालकांना एवढ्याच तीव्रतेने वाटत होती असे दिसत नाही. ह्या वादळाचे एक फळ चांगले निघाले. धर्मांतराची धास्ती ज्यात नाही असे विधवागृह हवे हे कर्व्यांनी ताडले, आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. शारदासदनाची पहिली विद्यार्थिनी त्यांच्या घरातच होती.

बाहेर असा पडझडीचा काळ असताना रमाबाईंच्या आत काय घडत होते? त्यांनी स्वतः पुढे लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे 1891 मध्ये हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ धर्मोपदेशकाचे काम करीत असतानाच मनाने पालटला होता, आणि ते वाचून रमाबाईंना आपली जागा कळली. त्यानंतर त्यांनी ब्रिस्टलचे अनाथपालक जॉर्ज म्यूलर, चीनमधील मिशनचे हडसन टेलर आणि जॉन पेटन ह्यांची चरित्रे वाचली. ह्या माणसांचा रिवाज असा, की मनुष्यापाशी पैसा मागावयाचा नाही, मागावयाचा तो ईश्वरापाशी, आणि मिळेल त्याचा चोख हिशेब ठेवावयाचा. शास्त्रार्थात जन्म काढलेल्या ह्या बाईला प्रमाणग्रंथांची वाण कधीच नव्हती. तिला हवा होता तो विसंबण्याजोगा आधार, आणि तो तिला येथे मिळाला. 1896 च्या उन्हाळ्यात लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळा भरला होता. ज्या पंधरा मुली तोवर त्यांच्याबरोबर ह्या श्रद्धेत आल्या होत्या त्यांबद्दल त्यांनी तेथील रानात एकान्ती आभार मानले, आणि मग ह्या संख्येचा वर्ग कर, म्हणजे पुढच्या मेळ्यापर्यंत मला दोनशे पंचवीस दे, असे मागणे केले. ह्या प्रार्थनेतली अंकगणिताची सहजता पाहून हसू येते. पण ती करताना त्यांच्याजवळ दोनशे पंचवीस मुलींना पुरेल इतके छप्पर नव्हते, अन्न नव्हते, आणि अशा मुली कोठून येणार ह्याची चाहूलही नव्हती.

चार-सहा महिन्यांत दुष्काळ आला.

तेव्हा त्यांना आपले पूर्वीचे दिवस आठवले, हे त्यांनीच सांगितले आहे. इतकी वर्षे त्या आठवणीपासून त्या दूर राहिल्या होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आता निराळी होती. जंगलात झाडपाला खाल्लेल्या मुलीला कोणी बाजारात विकले नाही, ती कोणाच्या घरात कोंडली गेली नाही, हे निव्वळ दैव होते असे पूर्वी म्हणता येत असे. आता त्यांना ते रक्षण वाटू लागले, आणि ज्याने रक्षण केले त्याचे काही देणे आपल्याकडे थकले आहे असे वाटू लागले. वडिलांनी निरोपाच्या वेळी ज्याच्या हवाली केले तो ईश्वर कोण, ह्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्यापुरते आता ठरले होते. म्हणून 1896-97 च्या हिवाळ्यात त्या मध्यप्रांतात निघून गेल्या.

तेथील पहिला गरीबखाना त्यांनी पाहिला तो घर म्हणण्याजोगा नव्हताच; गावाबाहेरची झाडांची एक राई, आणि तिच्या सावलीत राखेत-धुळीत बसलेली, पडलेली, कण्हत असलेली माणसे. कोणाच्या अंगावर चिंधी, कोणाच्या तीही नाही. थंडीपासून बचाव म्हणून राख हेच अंथरूण आणि तेच पांघरूण. आजाऱ्यांना आणि धट्ट्याकट्ट्यांना वेगळे करण्याची सोय नव्हती, तरण्या मुली आणि भामटे पुरुष एकाच ठिकाणी, आणि ह्या मुली हेरण्यासाठी टपलेली मंडळी कामांच्या व गरीबखान्यांच्या भोवती घिरट्या घालत. सरकारी अहवालात माणशी किती धान्य दिले ह्याचा रकाना असे; हाताखालच्या मुकादमाने ते कोणत्या अटीवर दिले ह्याला रकाना नव्हता. रमाबाईंनी ते उघडपणे लिहिले. अशा ठिकाणाहून त्यांनी मुली वेचून काढल्या. कोणी अनाथ, कोणी टाकलेल्या, कोणी दहा-बारा वर्षांच्या विधवा. येथे जातीचा प्रश्न गळून पडला. शारदासदन उच्चवर्णीयांसाठी होते, पण ह्या राईतून निवड करताना पोरीची जात विचारीत बसणे त्यांना अशक्य झाले, आणि पुढील संस्थेचा पाया नकळत तेथेच घातला गेला. त्या हंगामात सुमारे तीनशे मुली त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या, आणखी कितीतरी इतर मिशनांच्या हवाली केल्या. दोनशे पंचवीसांचे मागणे पुरे होऊन वर उरले.

मुली पुण्यास आणाव्यात तर पुण्यात प्लेग शिरलेला. शहराच्या हद्दीत अशा मुलींची नवी भरती करण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. ह्याला तोड निघाली ती आधीच घेऊन ठेवलेल्या एका जमिनीने. बोस्टनच्या मंडळीचा दहा वर्षांचा करार 1898 साली संपावयाचा होता, आणि पुढे उत्पन्न असावे म्हणून अमेरिकेतील मित्रांच्या पैशातून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे तीस-पस्तीस मैलांवर, रेल्वेच्या केडगाव स्टेशनानजीक, सुमारे शंभर एकर माळ विकत घेऊन तेथे विहिरी खणल्या होत्या व संत्री, लिंबे, आंबे अशी फळझाडे लावली होती. ज्या बागेच्या फळांवर शाळा चालवावयाची, तिथल्या रोपांमध्येच आता तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि दुष्काळातल्या पोरी त्यांत उतरल्या.

केडगावच्या त्या पहिल्या महिन्यांकडे थोडे जवळून पाहावे. उपाशी पोटाला एकदम भाकरी घातली तर ती पोटालाच बाधते, म्हणून पातळ पेजेपासून हळूहळू वर यावे लागे. डोकी भादरणे, अंगावरची खरूज धुणे, हगवणीच्या पोरींना वेगळे ठेवणे, फाटक्या चिंध्या जाळून नवी लुगडी व परकर शिवणे, ही सगळी कामे कोणी करावयाची? पगारी माणसे ठेवण्याइतका पैसा नव्हता. ही कामे शारदासदनातल्या मुलींनी केली. ज्या बालविधवांना आपल्या घरी अमंगळ म्हणून कोपऱ्यात बसविले होते, ज्यांच्या सावलीचा शुभकार्यात विटाळ होई, त्यांपैकी मोठ्या मुलींच्या ताब्यात एकेक टोळी देण्यात आली. तिला न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, रात्री उठून तिच्याकडे पाहणे, आणि जमेल तेव्हा मुळाक्षरे गिरवून घेणे, ह्या सर्वांची जबाबदारी त्या एका मुलीची. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे रमाबाईंच्या सर्व कर्तबगारीत ह्याहून मोठी गोष्ट नाही. विधवेला शिक्षण देणारे पुष्कळ झाले. तिला दुसऱ्याचा भार वाहण्यास योग्य मानणारे त्या काळी फार थोडे होते. काही पोरी दगावल्याही. सर्वांना वाचविणे शक्यच नव्हते.

त्याच वर्षीची आणखी एक हकीकत पुणेकर सहसा सांगत नाहीत. प्लेगच्या बंदोबस्तात शारदासदनाच्या एका मुलीस इस्पितळात नेण्यात आले, आणि तेथील देखरेखीचा जो अनुभव आला त्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. प्रकरण थेट पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने आरोप नाकारले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी प्लेगच्या जुलमांसंबंधी जे विधान केले त्यात ह्या पत्राचाही आधार होता, आणि पुराव्याअभावी गोखल्यांना मागाहून माफी मागावी लागली. रमाबाईंनी मात्र आपले लिहिणे मागे घेतले नाही. म्हणजे 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड ह्याच्या कारभाराविरुद्ध जे बोलत होते त्यांत ‘केसरी’ही होता आणि ‘केसरी’ने जिला परकीयांची हस्तक ठरविले होते ती बाईही होती. दोघांनी एकमेकांची ही बाजू पाहिली नाही, ह्याला त्या काळचा अभिनिवेश म्हणावे की आपला नेहमीचा स्वभाव, हे वाचकांनी ठरवावे.

1898 साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. परत येताच केडगावास पक्क्या इमारतींचे काम सुरू झाले, आणि वस्तीला मुक्ती हे नाव पडले. दोन वर्षांनी गुजराथेत छप्पनिया दुष्काळ पडला; तेव्हा रमाबाईंनी आपली माणसे तिकडे पाठविली, आणि आगगाडीच्या डब्यांतून मुली व बायका इतक्या आल्या की मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या लोकांना नुसते पोसणे म्हणजे पुढचा दुष्काळ घरातच पाळणे होते. म्हणून माग आले, तेलाचा घाणा आला, गाईम्हशींचा गोठा, धोब्याचे काम, शेत, स्वयंपाकघर, आणि पुढे छापखाना. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निराळे झाले. फुलमची आठवण रमाबाई विसरल्या नव्हत्या. आंधळ्या मुलींसाठी शाळा निघाली, आणि तेथे मनोरमेने अमेरिकेत शिकून आलेल्या ब्रेल लिपीत त्यांना वाचन शिकविले.

पैसा मागावयाचा नाही हा नेम अवघड होता, आणि रमाबाईंच्या पत्रांवरून असे दिसते की कित्येकदा कोठीत दुसऱ्या दिवसापुरतेच धान्य असे. नास्तिक म्हणेल की परदेशी मित्रमंडळाला अहवाल जात होते, त्यावरून मदत येत होती, ह्यात चमत्कार कसला? त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु अहवाल पाठविणे आणि दोन हजार माणसांची चूल पेटलेली असताना हात न पसरता राहणे ह्या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते बाईंनी श्रद्धेच्या बळावर ओलांडले, हेही तितकेच खरे. 1905 साली मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली, मुली रात्ररात्र रडत-पुकारत प्रार्थना करू लागल्या, त्या प्रकाराने पुण्याच्या सुशिक्षितांनी नाके मुरडली आणि काही मिशनऱ्यांनीही. मला त्या लाटेविषयी विशेष बोलावयाचे नाही. ज्यांनी राखेत निजून रात्री काढल्या त्यांच्या रडण्याचे मोजमाप सुखवस्तू माणसाने करू नये.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी एक काम अंगावर घेतले ते विलक्षण होते. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते. पण ते त्यांच्या मते संस्कृतप्रचुर असून माळावरच्या पोरीला कळण्यासारखे नव्हते. त्यांनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि मुळावरून सारे पुस्तक स्वतः मराठीत उतरविण्यास आरंभ केला. छापखाना मुक्तीचा, जुळारी मुक्तीच्या मुली. हिब्रू खिळे जुळविणाऱ्या त्या हातांपैकी कित्येक हात दुष्काळात राखेतून उचललेले होते. भाषांतराची मराठी साहित्यिकांना रुचली नाही. वाक्ये खडबडीत आहेत, कित्येक ठिकाणी मुळाच्या शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टापायी अर्थही अडखळतो, आणि ज्या पंडितेला अस्खलित गीर्वाणवाणी येत होती तिने असे अनलंकृत का लिहावे, असे वाचकाला वाटून जाते. तिला ते मुद्दामच तसे हवे होते. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. हातातील काम चालूच राहिले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण पुस्तक मुक्तीच्या छापखान्यातून 1924 साली बाहेर पडले.